दुपट्ट्यातली चार अंडी

सांग म्हणे! काऊन सांगू? सांगून कोणाचं भलं झालं आजलग? पण माह्या पोरीनं चार दिवसांपासून डोस्कं खाल्लं. "बाबा, तू दरसाली याच बांधीत येऊन काऊन बसतं? कोणाची वाट पाहतं? सांग ना, सांग ना." तिचा आवाज म्हणजे रिकाम्या शिशीत फुंकल्यावानी. कूक, कूक, कूक. बोडीभर घुमते. सांगतल्याबिगर ती गप बसाची नाई. म्हणून सांगतो. एकदाच सांगीन. मधात बोलाचं नाई.

मी पाणलावा बोलून राह्यलो. सिंदेवाहीच्या अलीकडं, जिथी जंगल सरते अन् धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, सुरू होतात, तिथी एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसा तलाव, शेताले पाणी द्यासाठी पाळ घालून अडवलेला. त्या बोडीच्या काठच्या गवतात माहा जन्म झाला. शाळा शिकलो नाई, चिखल शिकलो. कोणत्या चिखलात गांडूळ आहे अन् कोणत्यात गोगलगाय, हे मी पाय ठेवल्याबरोबर सांगतो. पावसाचं मात्र मले काई समजत नाई. हे आदीच सांगून ठेवतो, कारण सारा झगडा याच गोष्टीचा आहे.

रूप म्हणाल तं पंख मातकट, अन् त्यावर सोनेरी ठिपके. उन्हात बसलो की पिकल्या धानाच्या लोंबीवानी दिसतो. डोळ्याभोवती पिवळा पट्टा, म्हाताऱ्यानं चष्मा घातल्यासारखा. आमच्या बायका आमच्याहून मोठ्या, गळा तांबडा, मोठ्या रंगेल. आमच्यात रीतच उलटी. बाई हाका मारते, बाईच नवरा निवडते, चार अंडी देते अन् चालली जाते दुसऱ्या बोडीवर. अंड्यावर बसाचं बापानं. पिलायले चिखलात फिरवाचं बापानं. माह्या बापानं मले उबवलं, त्याच्या बापानं त्याले. मी तक्रार नाई करून राह्यलो, रीत सांगून राह्यलो.

पण माणसायले हे कोण सांगणार? एकदा चंद्रपूरहून कॅमेरेवाले आले. हातभर नळी माह्याकडं रोखून एक जण हळूच म्हणते, "ती बघा, मादी बसलीय अंड्यांवर. किती साधी आहे बिचारी!" बिचारी म्हणे. माणसाचा हिशोब सोपा आहे. अंड्यावर बसला, म्हणजे बाई.

गुणवंतरावही मले बाईच समजे. 'माय' म्हणे मले.

गुणवंतराव म्हणजे या बोडीचा मालक. उंचापुरा, खांद्यावर पांढरा दुपट्टा, बोलणं असं की पुढच्यानं मान हालवलीच पाह्यजे. बाकी गावात लोक टिटवीची अंडी पाहून पाऊस सांगतात. अंडी उंचावर, तं पाऊस भारी. अंडी खोलात, तं पाऊस उणा. या गावात टिटवीले कोणी विचारत नाई. इथी माह्या कोण्या आज्याचं घरटं पाहून गुणवंतरावाच्या बापानं एका साली पाऊस सांगतला, अन् तो खरा निघाला. झालं! तवापासून आमच्या खानदानाच्या मांगं हे लचांड लागलं.

मिरग नक्षत्राच्या आदल्या दिवशी सारं गाव बोडीच्या पाळीवर जमा होये. गुणवंतराव आदल्या दुपारी एकटा येऊन घरटं पाहून ठेवे. दुसऱ्या दिवशी लोकायले दुरूनच काडीनं दाखवे अन् पाऊस सांगे. तो भारी म्हणाला तं लोक जड धान पेरत, म्हणजे उशिरा पिकणारं. उणा म्हणाला तं हलकं धान, लवकर पिकणारं. साऱ्या गावाचं बियाणं एका पाखराच्या बुडाखाली ठरे.

खरं सांगू? मी घर करो ते मुंगसाची वाट पाहून. मुंगूस खालून येऊन राह्यला तं मी वर. वरून येऊन राह्यला तं मी खाली. बस. पण दोन-तीन साल पाऊस तसाच पडला, अन् गुणवंतरावाची मान अजून ताठ झाली.

खोटं बोलणार नाई, तवा तो आमच्याशी चांगला वागे. घरट्याजवळ मूठभर कणी टाके. कुत्रे हाकले. गावात त्याचा एक कायदा होता, बापापासून चालत आलेला: ज्या बांधीत पाणलाव्याचं घर, त्या बांधीत पिलं निघेपर्यंत नांगर घालाचा नाई, अन् दहा पावलांच्या आत कोणी जायाचं नाई. एका साली मी बायनाबाईच्या बांधीत बसलो. बायनाबाई म्हणजे रोवणा, धानाची लावणी, करणाऱ्या बायायची म्होरकी, जीभ विळ्यावानी. तिचे पऱ्हे टाकाचे होते. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, मिरगात टाकली तं रोवण्याले कामी येतात. ती लय भांडली. "भाऊ, पाखरू पंधरा दिवस बसन, तं मी काय माह्या डोक्यावर पऱ्हे टाकू?" गुणवंतराव म्हणाला, "कायदा म्हणजे कायदा, बाई." ती वापस गेली. कायदा तिच्या ध्यानात राह्यला. माह्याही राह्यला.

आता ते साल सांगतो.

त्या साली उन्हाळ्यात गुणवंतराव पोंभुर्ण्याले सोयऱ्याकडं लग्नाले गेला. तिथी मांडवात चार मोठ्या लोकायमंदी कोणीतरी विचारलं, यंदा पाऊस कसा? घरटं पाह्याच्या आदीच हा बोलून बसला, "उणा. माह्या नावावर लिहून ठेवा." वापस येऊन पाळीवर लटारूले तेच सांगे, छाती फुगवून. लटारू म्हणजे त्याचा शेजारी, बांधीले बांधी लागून. गरीब गाय माणूस. बोडीच्या पाण्यावर त्याचं धान होये, म्हणून गुणवंतरावापुढं त्याच्या तोंडून 'हो' शिवाय शब्द निघत नसे.

अन् त्या साली मी घर केलं होतं पाळीच्या अगदी डोक्यावर. मुंगूस खालून फिरत होता ना.

मिरगाच्या दोन दिवस आदी, दुपारी, ऊन असं की चिमणीही बोलत नव्हती. गुणवंतराव घरटं पाह्याले आला. खाली गवतात पाह्यलं, नाई. मधात पाह्यलं, नाई. वर पाह्यलं, अन् मी दिसलो. त्याचं तोंड आंबलं. लटारू पाण्यात म्हैस धूत होता.

"लटारू, इकडं कोणी आलतं काय?"

"नाई भाऊ. काऊन?"

गुणवंतरावानं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् माह्यावर वाकला.

मी उडालो. हे मी कबूल करतो. माणूस वाकला की पाखरू उडते, तसा मी उडालो. दोन हात दूर जाऊन बसलो अन् पाहत राह्यलो. त्यानं माही चार अंडी उचलली, एकेक करून, अन् दुपट्ट्यात ठेवली. हात हळू होता, हेही सांगतो. चोराचा हात हळूच असते.

"भाऊ, हे काय करून राह्यले?" लटारू पाण्यातूनच म्हणाला.

"तुले यंदा बोडीचं पाणी पाह्यजे ना?"

लटारूनं म्हशीकडं पाह्यलं अन् तिची पाठ घासाले लागला. एकच जागा घासत राह्यला.

गुणवंतराव पाळ उतरून बोडीच्या पोटात गेला. पाणी आटून जिथी भेगा पडल्या होत्या, तिथी गवताचा एक पुंजका होता. त्यात त्यानं वाळलं गवत पसरलं, अंडी ठेवली, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. मले म्हणाला, "बस माय. दोन दिवसाची गोष्ट आहे."

दुसरं कोणी पाखरू असतं तं सोडून गेलं असतं. हललेल्या अंड्यावर आम्ही बसत नाई. पण ती अंडी फुटाले आली होती. कान लावला की आतून आवाज येये. अंड्यातलं पोर बाहेर निघाच्या आदीपासून बोलते, माणसायले हे माहीत नाई. मी जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी गाव जमा झालं. गुणवंतरावानं काडी रोखली. "पाहा! बोडीच्या पोटात अंडी घातली मायनं. यंदा पाऊस उणा. हलकं धान पेरा." लोकायनं माना हालवल्या. लटारूनंही हालवली.

मिरगाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पोर निघालं. ओलं, लटपटं. बाकीच्या तीन अंड्यायले चिरा पडल्या होत्या. आतून टकटक, टकटक. अजून एक दिवस पाह्यजे होता. एकच दिवस.

दुपारी आभाळ फुटलं. चारही बाजूचं पाणी त्या बोडीत येते, बोडी त्याच्यासाठीच खोदली आहे. पाणी माह्या पायाले लागलं, मंग पोटाले. मी पंख पसरून बसून राह्यलो, जसं काई पाणी माह्या पंखाले भ्याणार होतं. निघालेलं पोर वाहाले लागलं. मले एक कराचं होतं: तीनावर बसाचं, की एकाले काढाचं. मी उठलो. पोराले पाळीकडं ढकलत नेलं, चोचीनं, छातीनं, हाका मारत. वर येऊन मांगं पाह्यलं तं तिथी नुसतं पाणी होतं. टकटक काई ऐकू आलं नाई.

जे वाचलं ते ही. हीच, जी कूक-कूक करून माहं डोस्कं खाते. आता कळलं काय तुले, तुह्या घरट्यातले भाऊ-बहीण काऊन नाईत?

म्हटलं ना, मधात बोलाचं नाई. रडाचंही नाई. ऐक पुढं.

त्या साली पाऊस थांबलाच नाई. हलकं धान लवकर पिकलं, अन् पिकलं तवा पाऊस उभाच होता. सारं धान बांधीत आडवं झालं, लोंबीतच कोंब फुटले. लोक गुणवंतरावाच्या दारात गेले. अन् तो काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, "मी जे पाह्यलं तेच सांगतलं. पाखरूच खोटं निघालं."

खोटं! मी!

गावानं ते मानलं. माणसायले माणसापेक्षा पाखराले खोटं म्हणणं सोपं जाते. गोटे आले माह्यावर. माहा डावा पाय तवाचा वाकडा आहे. अन् गावात एक म्हणच पडली. कोणी थाप मारली की लोक म्हणत, "काऊन बे, पाणलावा झाला काय?" चहाच्या टपरीवर म्हणत, रोवण्यात म्हणत, लहान लेकरू आईशी खोटं बोललं तं आई म्हणे. माह्या तीन पोरायले पाण्यात घातलं, अन् वरून माहं नाव खोट्याले देल्लं. पोरं तं वापस येत नाईत. पण नाव? ते मी ठरवलं, वापस घ्याचं.

सालभर चिखलात चोच घालून मी एकच इचार केला. पाखरू माणसाचं काय करू शकते? चावता येत नाई. कोर्टात जाता येत नाई. मंग ध्यानात आलं. त्याचाच कायदा आहे ना!

गुणवंतरावाची पऱ्ह्याची बांधी पाळीच्या खाली आहे. पाळीतून पाणी झिरपते, म्हणून ती भर उन्हाळ्यात ओली राह्यते. साऱ्या गावात तशी बांधी नाई. शेणखत टाकून, भुसभुशीत करून, तो तिले लेकरावानी जपते. त्याच बांधीच्या ऐन मधात एक गवताचा झुपका होता. पुढच्या जेठात तिथी मी घर केलं. एक बाई आली, चार अंडी देल्ली, गेली. मी बसलो.

मिरग लागला. गाव पाळीवर आलं. पाऊस ऐकाले कोणाले हौस नव्हती, पण सवय. गुणवंतरावानं खाली पाह्यलं अन् तोंड फाटलं त्याचं.

बायनाबाईनंच आदी ओळखलं. "भाऊ, माय तं तुमच्याच पऱ्ह्यात बसली!"

"पाह्यलं मी."

"मंग नांगर नाई चालणार यंदा. कायदा म्हणजे कायदा. काऊन?"

बाया तोंडाले पदर लावून हासल्या.

"ते खोटं पाखरू आहे," गुणवंतराव म्हणाला. "खोट्याले कसला कायदा? हाकलतो त्याले." अन् तो बांधीत उतरला. सवयीनं हात खांद्यावर गेला. दुपट्टा काढला अन् वाकला.

यावेळी मी उडालो नाई.

मी त्याच्याकडं तोंड करून उभा राह्यलो. दोन्ही पंख उघडले, पुढं वळवले, शेपटीचा पंखा केला. जेवढे सोनेरी ठिपके देवानं देल्ले तेवढे सारे त्याच्या तोंडासमोर उभे केले, अन् नागावानी फुत्कारलो. आमच्या खानदानात ही एकच विद्या आहे. मागल्या साली मी ती भुललो होतो. गुणवंतराव दचकला, मांगं सरला, पाय फसला अन् बुडावर बसला, फचकन, आपल्याच शेणखतात.

पाळीवर जे हासू फुटलं!

पण बायनाबाई हासली नाई. ती त्याच्या हाताकडं पाहत होती. "भाऊ," ती म्हणाली, "पाखराले हाकलाले काडी घेतात. तुमच्या हातात दुपट्टा काऊन?"

"असाच."

"असाच कसा? दुपट्ट्यात काय भरतात, ते बायायले समजते. अंडी उचलाची तुमाले सवय दिसते."

अन् तवा लटारू बोलला, खाली पाहत, म्हशीशी बोलल्यावानी. "मागल्या सालीही हाच दुपट्टा होता."

"काय म्हणतं लटारू?" बायनाबाईनं विचारलं.

"पाळीच्या डोक्यावर होती अंडी. भाऊनं खाली नेऊन ठेवली. मी पाह्यलं. पाण्यासाठी बोललो नाई. पाखरू खरंच बोललं होतं."

खरं म्हणजे मी काईच बोललो नव्हतो, पावसाचं मले समजत नाई. पण जाऊ द्या. तेवढं मी ऐकून घेतलं.

मंग जे झालं ते डोळे भरून पाह्यलं मी. म्हातारे गुणवंतरावाच्या बापाचं नाव घेऊन थुकले. गुणवंतराव शेणाचं धोतर घेऊन उभा, अन् गावानं ठरवलं: कायदा राहीन, पाऊस सांगणं बंद. माही चारही पोरं निघेपर्यंत मी तिथून हललो नाई, अन् त्या साली त्याचे पऱ्हे पडले नाई. रोवण्याच्या वक्ती त्याले लटारूच्या दारात जाऊन रोपं मांगा लागली. लटारूनं देल्ली, अन् बायनाबाई म्हणाली, "जुड्या दुपट्ट्यात बांधून द्या, भाऊले सवय आहे." म्हणही बदलली गावाची. आता कोणी थाप मारली की लोक म्हणतात, "काऊन बे, दुपट्टा टाकून आला काय?"

नाव माहं वापस आलं. इथी गोष्ट संपाले पाह्यजे होती.

संपली नाई. मारुतीच्या पारावर गुणवंतरावानं साऱ्या गावाले हात जोडले. "चुकलो," म्हणाला. लटारूचे तं पाय धरले. तवा बायनाबाई म्हणाली, "त्या पाखरालेही म्हणा एक शब्द." अन् तो हासला. "पाखराले काय समजते, बाई?"

लोकही हासले. मी पारामांगच्या नालीत होतो. मले समजलं. सारं समजलं.

म्हणून मी दरसाली याच बांधीत येतो. चार मिरग झाले. आता माही उमर झाली. पंखावरचे ठिपके फिके पडले, पाय ओढतो. मागल्या साली अन् यंदाही कोणी बाई माह्याकडं फिरकली नाई. म्हाताऱ्याले कोण अंडी देते? तरी मी काड्या जमवल्या, गोल घर केलं, अन् बसलो आहो. माह्या पोटाखाली काई नाई. नुसतं वाळलं गवत.

पण त्याले काय माहीत? दहा पावलांच्या आत यायाचं नाई, कायदा त्याचाच आहे. अन् वाकून पाह्याची त्याची हिंमत नाई. वाकला की पाळीवरून कोणीतरी ओरडते, "भाऊ, दुपट्टा कुठी आहे?"

आता या वक्तीही तो धुऱ्यावर, बांधीच्या कडेले, उभा आहे. मांगं ट्रॅक्टर उभा, बियाणं भिजवून ठेवलेलं, आभाळ भरून आलेलं. सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला, "माय, अजून किती दिवस बसतं वं?"

माय म्हणू नको मले. बाप आहो मी. तीन पोरायचा बाप, जी अंड्यातून बोलत होती.

जवळ ये. दहा पावलं सोड, मीच परवानगी देतो. या गवतासमोर बस अन् जो शब्द गावाले म्हणाला तोच मले म्हण. मी उठून जाईन, तुही बांधी तुले मोकळी. नाई म्हणत? नको म्हणू. माह्याजवळ वेळ आहे, तुह्याजवळ मिरग नाई.

पोरी, तू विचारलं ना, मी इथी कोणाची वाट पाहून राह्यलो?

त्याची. धुऱ्यावरच्या त्या गुणवंतरावाची.